फुटली की फोडली? : मोटारीच्या काचेच्या अकस्मात भंगाची कारणमीमांसा

काच भंगल्याची वार्ता मराठीत तीन प्रकारे सांगता येते. ‘काच फुटली’ या वाक्यात काचेवाचून दुसरे कोणीच नाही. ‘काच फोडली’ असे म्हणताच फोडणारा मनुष्य समोर उभा राहतो, मग त्याचे नाव घेतलेले असो वा नसो. ‘त्याच्या हातून काच फुटली’ हे तिसरे वाक्य या दोहोंच्या मधले होय. त्यात मनुष्य आहे पण हेतू नाही, चूक आहे पण अपराध नाही. फुटणे-फोडणे, तुटणे-तोडणे, सुटणे-सोडणे या जोड्या भाषेला प्राकृतातून मिळाल्या आणि त्यांचे मूळ ‘स्फुटति’ व ‘स्फोटयति’ यांसारख्या संस्कृत रूपांत आहे. इंग्रजीत ‘ब्रेक’ हा एकच धातू दोन्ही कामे करतो. मराठी बोलणाऱ्यास मात्र तोंड उघडण्यापूर्वीच दोष कोणाचा हे ठरवावे लागते.

मोटारदुरुस्तीच्या गॅरेजात या व्याकरणास पैशांचे मोल येते. दाराचे कुलूप किंवा काच खाली-वर करणारी यंत्रणा दुरुस्त करण्यासाठी गाडी ठेवलेली असते. काम पुरे होते, गाडी मालकाच्या घरी जाते आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी, उभ्या गाडीच्या दाराची काच एकाएकी खड्यांचा ढीग होऊन आसनावर पडते. मालक म्हणतो, ‘तुम्ही फोडली.’ मेस्त्री म्हणतो, ‘आपोआप फुटली.’ बहुधा तिसऱ्या वाक्यावर तडजोड होते आणि नव्या काचेचा निम्मा खर्च मेस्त्रीच्या माथी येतो. या दोघांपैकी खरे कोणाचे, या प्रश्नाचे उत्तर देण्यास शास्त्राला तीनशे वर्षे लागली.

या इतिहासाचा आरंभ मोटारीच्या पुष्कळ आधीचा आहे. काचेच्या रसाचा थेंब पाण्यात सोडला असता लांब शेपटी असलेला अश्रूसारखा मणी तयार होतो. १६६० मध्ये राजपुत्र रूपर्टने असे मणी इंग्लंडात आणले. दुसरा चार्ल्स याच्याकडून ते पुढील वर्षी रॉयल सोसायटीकडे गेले. मण्याच्या डोक्यावर हातोडा मारला तरी तो भंगत नाही, परंतु शेपटीचे टोक नुसते चिमटीत मोडले तरी सबंध मण्याची भुकटी होते. रॉबर्ट हुकने १६६५ च्या ‘मायक्रोग्राफिया’ या ग्रंथात याचा विचार केला आहे. त्याने मणी सरसात बुडवून मग त्याची शेपटी मोडली. त्यामुळे तुकडे विखुरले नाहीत आणि भेगांची रचना पाहावयास मिळाली. बाहेरचा थर आधी थिजतो, आतला भाग नंतर निवतो व आकसू पाहतो, पण बाहेरचे कवच त्यास आकसू देत नाही. एक दगड काढताच कमान कोसळावी तसा मग हा समतोल ढळतो, असा त्याच्या विवेचनाचा आशय आहे. सूक्ष्मदर्शकापलीकडे फारशी साधने हाती नसताना केलेले हे अनुमान मूलतः बरोबर ठरले, ही गोष्ट लक्षणीय आहे. १९९४ मध्ये चंद्रशेखर आणि चौधरी या संशोधकांनी अतिवेगवान छायाचित्रणाने दाखवून दिले की, शेपटीकडून निघालेली भेग सेकंदास सुमारे १४५० ते १९०० मीटर वेगाने डोक्याकडे धावते. २०१६ मधील मोजणीत मण्याच्या पृष्ठावरील दाब ४०० ते ७०० मेगापास्कल इतका आढळला.

मोटारीच्या दारातील काच ही तत्त्वतः याच मण्याची सपाट आवृत्ती आहे. लोहार तापलेल्या पोलादास पाणी देतो. काचेलाही असेच ‘पाणी’ देता येते, ही कल्पना १८७४ मध्ये फ्रान्सच्या रॉयेर द ला बास्ती याने प्रत्यक्षात आणली. मऊ होण्याच्या बेतास आलेली काच तो तेला-चरबीच्या कुंडात बुडवीत असे. या काचेचा मोठा गाजावाजा झाला. पण तिची भांडी कोणी हात न लावताच फुटल्याच्या तक्रारीही आल्या. म्हणजे अकस्मात भंगाची तक्रार कठीण केलेल्या काचेइतकीच जुनी आहे आणि तिच्याशी मोटारदुरुस्तीचा संबंध मुळात नव्हता.

आजच्या पद्धतीत काच ६०० अंश सेल्सिअसच्या वर तापवून हवेच्या झोतांनी झटकन थंड करतात. तिच्या दोन्ही पृष्ठांलगत, जाडीच्या सुमारे पाचव्या हिश्श्यापर्यंत, दाब असतो. मधल्या गाभ्यात ताण असतो. अशी काच साध्या काचेच्या कितीतरी पट बळकट असते. मात्र एखादी भेग दाबाचा थर ओलांडून गाभ्यात शिरली की साठलेली सारी ऊर्जा एकदम मोकळी होते, आणि काचेचा चुरा होण्यास एका सेकंदाच्या सहस्रांशाहूनही कमी काळ पुरतो. हा चुरा बोथट खड्यांचा असल्यामुळे प्रवाशास खोल जखम होत नाही, म्हणूनच बाजूच्या व मागच्या खिडक्यांना ती वापरली जाते. पुढच्या काचेचा वंश निराळा. १९०३ मध्ये एदुआर बेनेदिक्तुस या फ्रेंच रसायनज्ञाच्या हातून एक चंबू पडला. तो तडकला, पण आतल्या बाजूस वाळलेल्या सेल्युलोज नायट्रेटच्या पापुद्र्याने तुकडे धरून ठेवले. त्याने १९०९ मध्ये लॅमिनेटेड काचेचे पेटंट घेतले. पुढची काच तडकते, पण कोसळत नाही. मालक व मेस्त्री यांच्यातील वाद बहुधा दाराच्या काचेवरूनच होतात, याचे कारण हेच.

आता मुख्य अडचणीकडे वळावयास हवे. इजा सोमवारी झाली आणि काच बुधवारी फुटली, हे कसे? भेगेच्या आकारावर काचेचे बळ अवलंबून असते, हे ए. ए. ग्रिफिथने १९२१ मध्ये सिद्ध केले. परंतु त्याच्या मांडणीत काळाला स्थान नव्हते. भेग एक तर वाढते किंवा वाढत नाही. हवेतील बाष्प ताणाखालील भेगेच्या टोकाशी काचेचे बंध तोडते आणि त्यामुळे भेग अत्यंत मंद गतीनेही पुढे सरकू शकते, हे वीडरहॉर्नच्या १९६७ मधील मोजणीने स्पष्ट झाले. येथे कारण आणि कार्य यांच्यामध्ये तास, दिवस, प्रसंगी महिने बसू शकतात. दाराच्या पत्र्याआड दडलेल्या काचेच्या कडेवर पान्ह्याचा बारीकसा टवका उडाला तर तो डोळ्यांना दिसत नाही. पुढे दार आपटण्याचा धक्का, रस्त्याचे हादरे, दुपारचे ऊन यांतील कोणतेही निमित्त त्यास पुरते.

ऊन हे निमित्तच आहे, कारण नव्हे, हे निराळे सांगावयास हवे. विदर्भातील उन्हाळ्यात ‘उन्हाने काच फुटली’ हा खुलासा सर्रास मान्य केला जातो. धडधाकट टफन्ड काच तिच्या दोन भागांतील सुमारे २०० अंशांचा फरक सोसू शकते. उन्हात तापलेल्या गाडीत तेवढा फरक कधीच पडत नाही.

दुसरे उत्तर मेलबर्न शहरातून आले, आणि ते मेस्त्रीच्या बाजूचे होते. तेथील आय.सी.आय. हाउस या १९५८ मध्ये पुरी झालेल्या उंच इमारतीच्या काचा एकामागून एक फुटू लागल्या. १९६१ मध्ये बॅलंटाइन याने त्याचे कारण निकेल सल्फाइडच्या सूक्ष्म कणांत शोधले. हा कण काच वितळविताना तिच्यात येतो. सुमारे ३८० अंशांच्या वर त्याची स्फटिकरचना एक असते, खाली दुसरी. काच झटकन थंड केल्यामुळे उष्ण अवस्थेतील रचना तशीच अडकून राहते; मग ती वर्षानुवर्षे सावकाश पालटते आणि कण काही टक्क्यांनी फुगतो. तो ताणाच्या गाभ्यात असेल तर एके दिवशी काच फुटते. येथे ‘फुटली’ हे अकर्मक रूप अक्षरशः खरे आहे. मात्र मेस्त्रीने या आधारावर फार विसंबू नये. हा दोष प्रामुख्याने इमारतींच्या जाड काचांत वर्णिलेला आहे. मोटारीच्या तीन-चार मिलिमीटरच्या काचेत कडेची इजाच अधिक संभवनीय ठरते. मोटारीच्या काचेच्या छपरांचा प्रश्न अलीकडचा आहे. अमेरिकेच्या महामार्ग सुरक्षा प्रशासनाने २०१३ मध्ये त्यांच्या अकस्मात फुटण्याची चौकशी आरंभिली, तेव्हा कडेच्या काळ्या सिरॅमिक छपाईने काचेचे बळ घटते काय, हा मुद्दा पुढे आला.

गॅरेजातील चुका तशा ठरावीक आहेत. काच धरणाऱ्या पकडीचा स्क्रू वाजवीपेक्षा जास्त आवळणे, जुनी रबरी पट्टी टाकून देऊन धातू काचेस भिडू देणे, काच तिरपी बसवून दार लावणे, शेजारी ग्राइंडर चालवताना काच न झाकणे. यांपैकी शेवटची सर्वांत कपटी. ग्राइंडरच्या ठिणग्या म्हणजे लोखंडाचे तापलेले कण. ते काचेवर चिकटून बारीक खड्डे पाडतात, आणि खडबडीत झालेली काच बोटाला जाणवेपर्यंत गाडी गॅरेजातून गेलेली असते. कडा घासून किंवा भोक पाडून टफन्ड काच बेताची करून घेण्याचा प्रयत्न तर निव्वळ अज्ञान होय. ती कापावयाची ती पाणी देण्यापूर्वी.

तरीही जवळचे कारण तेच खरे कारण, असे मानण्याचा मोह किती बलवत्तर असतो, हे सिअ‍ॅटल शहराने १९५४ च्या एप्रिलात दाखविले. मोटारींच्या पुढच्या काचांवर बारीक खड्डे दिसू लागल्याच्या तक्रारी बेलिंगहॅमहून तेथवर पोचल्या; १५ तारखेपर्यंत सुमारे ३००० गाड्यांची नोंद झाली आणि महापौराने राज्याचे गव्हर्नर व राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांच्याकडे साहाय्य मागितले. त्या वसंतात पॅसिफिक महासागरात हायड्रोजन बाँबचे स्फोट झाले होते. संशय तिकडे वळला. तपासात बहुतेक खड्डे रस्त्यावरील खडीचे व जुनेच ठरले. लोक एरवी काचेतून पाहत, त्या आठवड्यात ते काचेकडे पाहू लागले, एवढेच घडले होते. मेडालिया आणि लार्सन यांनी १९५८ मध्ये या प्रकरणाचा समाजशास्त्रीय अभ्यास प्रसिद्ध केला. गॅरेजातून परत आलेल्या गाडीचा मालकही आपल्या गाडीकडे असेच पहिल्यांदा बारकाईने पाहतो.

प्रत्येक प्रकरणी निवाडा करता येईल असा पुरावा खुद्द चुऱ्यातच असतो. काच जेथून भंगते तेथून भेगा किरणांसारख्या पसरतात. उगम कडेपाशी असेल तर इजेचा संशय बळावतो. उगम मध्यभागी असून तेथे फुलपाखराच्या पंखांसारखे दोन मोठे तुकडे एकमेकांस लागून असतील, तर त्यांच्या मधल्या रेषेवर निकेल सल्फाइडचा कण शोधावा. मात्र हे तुकडे जागच्या जागी राहिले तरच हे वाचन शक्य होते. हुकने त्यासाठी सरस वापरला होता. गॅरेजात काच फुटली की पहिला येतो तो झाडू. आणि निर्दोष मेस्त्रीसुद्धा आपल्या बाजूचा एकमेव साक्षीदार सुपात भरून स्वतःच्या हाताने बाहेर टाकतो.