उन्हाचे दोन हात

हातात ब्रश घ्या. या प्रवासापुरते तुम्ही रंगारी आहात, तेही मुरलेले. पुट्टी, प्रायमर, मग रंगाचे दोन हात, हे तुम्हाला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येतं. ओल कुठून मुरतेय आणि पोपडा कुठे सुटणार, हे भिंतीवर तळवा फिरवला की तुम्हाला कळतं. सौरऊर्जेतलं काही कळत नसेल, तर नसू दे. आपल्याला जिथे जायचंय तिथल्या भल्याभल्यांना शेवटी ओलीनं आणि पोपड्यांनीच छळलंय.

१८८४. न्यू यॉर्कमधलं एक छप्पर. खाली घोडागाड्यांचा खडखडाट, हवेत कोळशाचा धूर. एडिसनचं पर्ल स्ट्रीटवरचं वीजकेंद्र सुरू होऊन दोन वर्षं झालीत. चार्ल्स फ्रिट्स नावाचा गृहस्थ तुम्हाला धातूची एक पाटी दाखवतो. तिच्यावर त्याने सेलेनियमचा पातळ थर दिलाय आणि त्यावर सोन्याचा वर्ख बसवलाय. वर्ख तुमच्या ओळखीचा, मूर्तीच्या मुकुटावर तुम्ही तो चढवलेला असतो. पण हा इतका पातळ की उजेडाकडे धरला तर पलीकडचं हिरवट दिसतं. ऊन त्यातून आत शिरतं, सेलेनियममध्ये वीज सुटते आणि वरचं सोनं ती गोळा करतं. सोन्याचं हे काम ध्यानात ठेवा, पुढे लागणार आहे.

पातळ थराची कल्पना आजची आणि सिलिकॉनचं पॅनल जुनं, असं आपण धरून चालतो. प्रत्यक्षात ही पाटी सिलिकॉनच्या सत्तर वर्षं आधीची. वीज किती मिळते? पडलेल्या उन्हाच्या जेमतेम एक टक्का. भर दुपारी एक चौरस मीटरवर साधारण १००० वॉट ऊन पडतं, म्हणजे हातात आले फार तर १० वॉट. बर्लिनमध्ये वेर्नर सीमेन्स या पाट्या पाहून खूश झाला, पण वीज का सुटते हे तेव्हा कोणालाच नीट सांगता येत नव्हतं. गिऱ्हाईक आलं नाही.

मरे हिलला, न्यू जर्सीत, नुसतं डोकावून पुढे जाऊ. २५ एप्रिल १९५४, बेल लॅब्ज. चॅपिन, फुलर आणि पिअर्सन यांच्या सिलिकॉनच्या पट्ट्यांवर खेळण्यातला पाळणा फिरतोय. सहा टक्के! पण सिलिकॉन ऊन शोषायला आळशी, त्याला जाडी लागते. आजच्या चकत्यासुद्धा दीडशे मायक्रॉनच्या आसपास असतात आणि त्या कापताना बराच महागडा माल भुसा होऊन जातो. पुढे भेटणाऱ्या कॅडमियम टेल्युराइडला दोन-तीन मायक्रॉन पुरतात, पेरोव्हस्काइटला अर्धा. तुमच्या इमल्शनचा एक हात वाळल्यावर तीसेक मायक्रॉन भरतो. म्हणजे रंगाइतका जाड थरही नको, त्याच्या एक दशांश चालेल. एवढा कमी माल लागतो, मग भिंती रंगवूनच वीज का काढू नये? या प्रश्नाने पुढची पन्नास-साठ वर्षं हुशार माणसं वेडी केली.

त्यातली काही कोल्हापूरची. साल २०००, शिवाजी विद्यापीठाचा भौतिकशास्त्र विभाग. अमोनियाच्या भपकाऱ्याने तुम्ही नाकाला रुमाल लावता. बीकरमध्ये कॅडमियमचा क्षार, अमोनिया आणि थायोयुरिया यांचं कोमट द्रावण, त्यात उभी बुडवलेली काचपट्टी. बघता बघता द्रावण पिवळं पडतं आणि काचेवर कॅडमियम सल्फाइडचा हळदीसारखा थर चढतो. निर्वात पोकळीची महागडी यंत्रं नाहीत, भट्टी नाही. शेजारच्या टेबलावर तापलेल्या काचेवर स्प्रे मारून थर बसवणं चाललंय. ती गन तर तुम्ही मागून घेऊन चालवाल. इथल्या माने आणि लोखंडे यांनी रासायनिक पद्धतीने थर चढवण्यावर याच वर्षी लिहिलेला विस्तृत आढावा पुढे जगभरच्या प्रयोगशाळांतून चाळला गेला. कमी पैशांत संशोधन करायची सक्ती कधीकधी नेमक्या वाटेला लावते, असं माझं मत. याच पद्धतीचा पिवळा थर अनेक पातळ सौरघटांत मधला हात म्हणून असतो.

२००७, सॅन होजे, कॅलिफोर्निया. नॅनोसोलरच्या कारखान्यात ॲल्युमिनियमच्या फॉइलची भेंडोळी फिरतायत आणि तांबं, इंडियम, गॅलियम, सेलेनियमची शाई तिच्यावर छापली जातेय. वर्तमानपत्र छापावं तसे सौरघट! डिसेंबरात पहिला माल बाहेर पडतो. गुंतवणूकदारांच्या डोळ्यांत चमक आहे आणि तिला कारणही आहे. सौर दर्जाच्या सिलिकॉनची टंचाई आहे. २००८मध्ये त्याचा खुल्या बाजारातला भाव किलोला ४०० डॉलरपर्यंत चढतो. शेजारच्या फ्रीमाँटमध्ये सोलिंड्रा याच जातीचा थर काचेच्या नळ्यांवर चढवते. तिला सरकारी हमीचं ५३.५ कोटी डॉलरचं कर्ज मिळतं आणि मे २०१०मध्ये खुद्द अध्यक्ष ओबामा कारखान्यात येऊन जातात.

सप्टेंबर २०११मध्ये त्याच कारखान्याच्या फाटकाशी या. दिवाळखोरीचा अर्ज गेलाय. वर्षअखेरीस सिलिकॉन किलोला ३० डॉलरच्या आसपास येईल. २०१३मध्ये नॅनोसोलरही आटोपली. शाई टाकाऊ नव्हती. तिचा सगळा हिशोब दुसऱ्याच्या महागाईवर उभा होता आणि ती महागाई चीनमधल्या नव्या कारखान्यांनी तीन वर्षांत उतरवली.

मग पातळ थरवाले सगळेच बुडाले का? नाही. ओहायोतल्या पेरिसबर्गला चला. हॅरल्ड मॅकमास्टर हा मूळचा काचवाला. त्याने लावलेल्या रोपाची आज फर्स्ट सोलर झालीय. तापलेली काच यंत्रात शिरते, कॅडमियम टेल्युराइडची वाफ तिच्यावर बसते, आणि कोरी काच आत गेल्यापासून चारेक तासांत तयार पॅनल बाहेर पडतं. पण तुम्ही थरापेक्षा पुढच्या टेबलाकडे बघा. तिथे लेझरने थरावर केसाहून बारीक रेघा ओढतायत. एका पॅनलचे शंभराहून जास्त अरुंद पट्टे, प्रत्येकाचा खालचा थर शेजाऱ्याच्या वरच्या थराला जोडलेला. एका पट्ट्यातून एक व्होल्टही मिळत नाही, सगळे रांगेत जोडले की कामाचा दाब तयार होतो. मागून दुसरी काच, कडांना पक्कं सील. कॅडमियम विषारी म्हणून जुनी पॅनलं परत घेऊन त्यांच्यावर पुनर्प्रक्रिया करायची सोयही कंपनीने स्वतःच उभी केलीय. २०२४मध्ये तमिळनाडूतही तिच्या कारखान्याचं उद्घाटन झालं. रंग म्हणायचा तर हाच आजवर खपलेला रंग, पण तो कारखान्यात लागतो आणि दोन काचांमध्ये बंद होऊन येतो.

आता ब्रश खरंच लागणार. डिसेंबर २०११, साउथ बेंड, इंडियाना. नोत्र दाम विद्यापीठातले प्रशांत कामत. १९७९मध्ये त्यांनी पीएच.डी. केली ती मुंबई विद्यापीठातून. त्यांच्या गटाने टायटॅनियम डायऑक्साइडच्या अतिसूक्ष्म कणांवर कॅडमियम सल्फाइड किंवा सेलेनाइड चढवून ते पाणी आणि अल्कोहोलमध्ये कालवलेत. टायटॅनियम डायऑक्साइड म्हणजे तुमच्या पांढऱ्या रंगातलीच पूड. तासाभराच्या आत घट सिद्ध, कार्यक्षमता एक टक्क्याच्या किंचित वर. बातम्यांचे मथळे मात्र घर रंगवा, बिल विसरा अशा थाटाचे.

तुम्ही ब्रश फिरवता. छान बसतो. मग अंगातला रंगारी जागा होतो आणि विचारतो: वायर कुठे जोडू?

इथे क्षणभर सगळे गप्प होतात, कारण नुसता रंग वीज देत नाही. तो लावायचा ती काच आधीच वीजवाहक थर दिलेली आहे. समोर दुसरा इलेक्ट्रोड हवा, मधे द्रावण हवं. भिंतीवर हे करायचं तर प्लॅस्टरवर आधी वाहक हात, मग हा रंग, मग पारदर्शक आणि तरीही वाहक असा वरचा हात. आठवतंय ना, सोन्याचं काम? पारदर्शक वाहक तारेइतके वाहक नसतात, त्यामुळे दर थोड्या अंतरावर पट्टे पाडून जोडावे लागणार. तेच लेझरचं काम, आता शिडीवर उभं राहून, खडबडीत भिंतीवर. टाचणीच्या टोकाएवढं भोक राहिलं तर वरचा थर खालच्याला टेकतो आणि तो पट्टा मेला. साध्या रंगात असं भोक राहिलं तर तुम्ही दुसऱ्या हातात झाकता. इथे दुसरा हात म्हणजे दुसराच पदार्थ. आणि हे सगळं होऊनही वर पाणी शिरू न देणारं, ऊन न अडवणारं कवच हवंच.

शिवाय भिंत. आपल्याकडे मे-जूनमध्ये दुपारचा सूर्य डोक्यावर येतो. दक्षिणेच्या भिंतीला ऊन घासून जातं, छपराला भरभरून मिळतं. युरोपात भिंतीचं गणित बरं जुळतं. म्हणून तिकडचे मथळे इकडे तसेच उतरवू नयेत.

पाण्याची गोष्ट योकोहामात संपवू. २००९, तोइन विद्यापीठ. कोजिमा आणि मियासाका पेरोव्हस्काइट नावाच्या स्फटिकजातीचा शिशाचा एक क्षार सौरघटात वापरून बघतात. ३.८ टक्के, आणि काही मिनिटांत मालच द्रावणात विरघळतो. तुम्ही असतात तर डबा फेकून दिला असता. पण तो द्रावणातून लावता येतो, मंद आचेवर पिवळ्याचा काळपट तपकिरी होतो आणि ऊन अधाशासारखं शोषतो. पंधरा वर्षांत प्रयोगशाळेतले छोटे घट २६ टक्क्यांवर गेले. शिसं लागतं, पण चौरस मीटरला एका ग्रॅमहूनही कमी. खरा शत्रू ओल. पॅनलची एक नेहमीची परीक्षा आहे: ८५ अंश सेल्सिअस, ८५ टक्के दमट हवा, सलग १००० तास. म्हणजे सहा आठवडे बंद पेटीत उकडत राहायचं. कोकणातल्या छपराला मात्र पंचवीस पावसाळे काढायचे असतात.

२०२५, ओसाका. युमेशिमा बेटावरच्या एक्स्पोच्या बसतळावर अडीचशे मीटर लांब छत आहे आणि त्यावर सेकिसुई केमिकलची पेरोव्हस्काइटची फिल्म. वाकवता येते, वजनाला हलकी. जपानकडे सपाट जमीन कमी, पण यातलं आयोडीन घरचं, चिबा प्रांतातलं. काचेचं पॅनल चौरस मीटरला दहा-बारा किलो भरतं. हे वजन न पेलणाऱ्या छपरांसाठी ही फिल्म आहे. आपल्या एमआयडीसीतल्या पत्र्याच्या शेडना एक दिवस हिचा उपयोग होईल, असं मला वाटतं.

आणि या रंगाला मिळालेली सगळ्यात चांगली भिंत कुठली, तर जुनं सिलिकॉनचं पॅनल. निळा उजेड पेरोव्हस्काइटने घ्यायचा, लाल सिलिकॉनने. एकट्या सिलिकॉनची मर्यादा २९ टक्क्यांच्या आसपास. या जोडीच्या छोट्या घटाने २०२४मध्ये ३४ ओलांडले. त्याच वर्षी ऑक्सफर्ड पीव्ही या कंपनीने अशी पॅनलं गिऱ्हाइकाला पाठवायला सुरुवात केली.

आता परत, सांगलीत. बंगल्याची बाहेरची बाजू काढलीय तुम्ही. काकू चहा देतात आणि विचारतात, "दादा, वीज देणारा रंग येणारे म्हणे. तो येईपर्यंत गच्चीवरचं सोलर थांबवू का?"

"नका थांबवू, काकू. गच्चीवर पंधरा चौरस मीटर सावली नसलेली जागा निघाली की तीन किलोवॉट बसतं, दिवसाला सरासरी बारा युनिट. केंद्राची ७८ हजारांची सबसिडी आहे. तेवढ्याच जागेत एक टक्क्याचा रंग मारला तर दीडशे वॉट."

"आणि मागच्या पत्र्याच्या शेडवर?"

"त्यावर आत्ता काही ठेवू नका, खालचे अँगल गंजलेत. आधी ते बदलू."