गोडीचे कुलूप आणि बेडकीचा पाला

कोकणात आणि सह्याद्रीच्या रानात आढळणाऱ्या बेडकी या वेलीची दोन-चार पाने चावून मग साखरेची चिमूट जिभेवर ठेवली, तर ती वाळूसारखी लागते. गुळाचा खडाही बेचव होतो. खारट, आंबट मात्र पूर्ववत कळते. हिंदीत या वेलीला ‘गुडमार’ हे नाव पडले ते याच गुणामुळे. १८४७ मध्ये एजवर्थ या इंग्रज अधिकाऱ्याने या चमत्काराची वार्ता लंडनच्या लिनियन सोसायटीला कळविली, तर १८८७ मध्ये डेव्हिड हूपर यांनी उटकमंड येथे पानांतील कारक द्रव्य वेगळे करून त्याला जिम्नेमिक आम्ल म्हटले. पुढे १९३० मध्ये म्हसकर आणि परळच्या हाफकिन संस्थेतील कायस या जोडीने या वनस्पतीवर स्वतंत्र प्रबंध प्रसिद्ध केला.

हे का घडते, याचे उत्तर मिळण्यास मात्र एकविसावे शतक उजाडावे लागले. जिभेवरील रुचिकलिकांतल्या काही पेशींच्या आवरणात ‘टी१आर२’ आणि ‘टी१आर३’ या दोन प्रथिनांची जोडी असते. २००१-०२ च्या सुमारास ही जोडी म्हणजेच गोडीचा ग्राहक, हे स्पष्ट झाले. (मांजरांत यातील पहिल्या प्रथिनाचे जनुक निकामी आहे, त्यांना गोडाचे सोयरसुतक नसते ते त्यामुळेच.) प्रत्येक प्रथिनाचा पेशीबाहेरचा भाग कीटकभक्षी वनस्पतीच्या पानासारखा मिटतो. गोड रेणू त्यात अडकला की आकार बदलतो, पेशीत संदेशांची साखळी सुरू होते आणि मेंदूला गोडी जाणवते.

या कुलपाला एकाहून अधिक किल्ल्या लागतात. साखरेच्या सुमारे दोनशेपट गोड अस्पार्टेम आणि सहाशेपट गोड सुक्रालोज हे टी१आर२ च्या मिटणाऱ्या कप्प्यात बसतात; २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मानवी ग्राहकाच्या त्रिमितीय रचनेत ते प्रत्यक्ष दिसले. सायक्लामेट मात्र टी१आर३ च्या, पेशीआवरणात रुतलेल्या भागाला जाऊन भिडते. लॅक्टिसोल हा गोडीरोधकही तेथेच बसतो, पण उलटे काम करतो. म्हणूनच रोधक असताना साखर कितीही वाढविली तरी दोघांची एकाच जागेसाठी झटापट होत नाही. कुलूप दुसरीकडूनच अडविलेले असते.

बेडकीचे रहस्य २०१४ मध्ये जपानी संशोधकांनी उलगडले. जिम्नेमिक आम्ल माणसाची गोडी मारते, उंदराची नाही. दोघांच्या ग्राहकांची अदलाबदल करून पाहता हे आम्लही टी१आर३ च्या त्याच आवरणातील भागाला चिकटते, असे दिसले. गंमत म्हणजे याच वेलीतील गुरमारिन हे प्रथिन नेमके उलट वागते. ते उंदरांची गोडी दाबते, माणसावर त्याचा परिणाम नगण्य असतो. जिभेवरचा प्रभाव साधारण अर्ध्या-एक तासात ओसरतो.

येथेच गैरसमजाला वाव मिळतो. पाला खाल्ल्यावर गोड कळत नाही, म्हणून साखर ‘मारली’ गेली, असे अनेकांना वाटते. जिभेचे कुलूप बंद झाले तरी पोटात गेलेली साखर रक्तात उतरतेच. पाल्याचा रक्तशर्करेवर काही परिणाम होतो का, हा निराळा प्रश्न असून त्यावरील मानवी चाचण्या लहान आणि तोकड्या आहेत. मधुमेहाच्या गोळ्या बंद करून त्यावर विसंबणे धोक्याचे. गोळ्यांच्या जोडीला घेतल्यास साखर अवाजवी उतरण्याची शक्यता असल्याने डॉक्टरांना सांगणे आवश्यक.

ठाणे-कल्याणच्या मिठाईच्या दुकानांतील ‘शुगर फ्री’ बर्फीबाबतही हाच विवेक हवा. गोडी सुक्रालोजची असली तरी खव्यातील दुग्धशर्करा आणि स्निग्धांश तसेच राहतात. वजन आटोक्यात ठेवण्यासाठी अशा गोडकारकांचा आधार घेऊ नये, असे जागतिक आरोग्य संघटनेने मे २०२३ मध्ये सुचविले. मात्र आधीच मधुमेह असलेल्यांना ही शिफारस लागू नाही.