नलगोंड्याचे पाणी, आपली भाकरी

मराठवाडा आणि नलगोंडा १९५६ पर्यंत एकाच हैदराबाद राज्यात होते, हे आता मुलांना मुद्दाम सांगावे लागते. राज्य पुनर्रचनेत भाषा पाहून सीमा आखल्या गेल्या. जमिनीखालचा खडक कोणी पाहिला नाही. मी इतिहास शिकवतो. निजामाच्या फर्मानांइतकाच मला या खडकाचाही इतिहास महत्त्वाचा वाटतो.

हैदराबादेत तारनाक्याला, उस्मानिया विद्यापीठाच्या शेजारी राष्ट्रीय पोषण संस्था आहे. मॅककॅरिसन या डॉक्टरांनी १९१८ साली निलगिरीतील कुन्नूरला बेरीबेरीच्या चौकशीसाठी एका खोलीत सुरू केलेली ही प्रयोगशाळा १९५८ साली हैदराबादेत आली. तेथून नलगोंडा सुमारे शंभर किलोमीटर. तिकडच्या विहिरींत ग्रॅनाइटमधले फ्लोराईड उतरते. ते वर्षानुवर्षे पोटात गेले की दातांवर तपकिरी डाग पडतात, पुढे पाठ ताठते, मान वळत नाही. मद्रास इलाख्यात नेल्लोरकडे हा रोग १९३७ सालीच नोंदला गेला होता. त्यात हाडे दाट व जड होतात, असे वैद्यकाचे ग्रंथ सांगत.

नलगोंड्याकडे मात्र वेगळेच दिसले. गरीब घरची वाढत्या वयाची मुले, चालताना गुडघ्याला गुडघा घासणारी, पावले मात्र फाकलेली. डॉ. कृष्णमाचारी व डॉ. कमला कृष्णस्वामी यांनी १९७३ साली 'लॅन्सेट' या नियतकालिकात त्यांच्याविषयी लिहिले. एकाच देहात मणका दाट आणि हातापायांची हाडे विरळ!

याचा उलगडा कॅल्शियमच्या हिशेबात आहे. हृदय आणि स्नायू कॅल्शियमवर चालतात, म्हणून रक्तातली त्याची पातळी शरीर घटू देत नाही. आतड्याच्या पेशींत कॅल्शियम आत घेणारी सूक्ष्म दारे असतात; शास्त्रज्ञ त्यांना कॅल्शियम चॅनेल म्हणतात. त्यांतले एक प्रमुख दार १९९९ साली ओळखले गेले. अन्नात कॅल्शियम कमी पडले की ड जीवनसत्त्वाच्या साहाय्याने ही दारे वाढतात. पण ताटात दूधच नाही, तर दारे वाढून आत येणार काय? त्यातच फ्लोराईडमुळे मणक्यावर चढणारे नवे हाडही कॅल्शियम मागते. मग गळ्यातल्या पॅराथायरॉइड ग्रंथी हातापायांच्या हाडांकडून वसुली करतात. या रुग्णांच्या रक्तात त्या ग्रंथींचा स्राव वाढलेला असल्याचे हैदराबादच्याच संशोधकांनी १९७६ साली दाखवून दिले.

आता भाकरीची गोष्ट. १९७७ साली याच संस्थेतल्या अभ्यासात आढळले की, भातापेक्षा ज्वारीच्या आहारावर फ्लोराईड शरीरात अधिक साठते. रोग असलेल्या गावांच्या ज्वारीत मॉलिब्डेनमही जास्त निघाले. त्याने लघवीवाटे तांबे निघून जाते, आणि बळकट हाडाला तांबेही लागते. नागार्जुनसागराच्या पाझराने भूजल वर आले आणि जमिनीचा गुण बदलला, असाही संशोधकांचा कयास होता. ज्या धरणाची कोनशिला पंडित नेहरूंनी १० डिसेंबर १९५५ रोजी बसवली, त्याच्या पोटी ही शंका यावी! (ज्वारी सोडा, असे मात्र कोणी समजू नये. पाणी चांगले असेल तर भाकरीसारखे अन्न नाही.)

उपाय आला नागपूरहून. तिथल्या 'नीरी' या संस्थेने सत्तरच्या दशकात चुना व तुरटी घालून, ढवळून, गाळ बसू देण्याची पद्धत तयार केली. जगभर तिला 'नलगोंडा पद्धत' म्हणतात. पण तुरटी रोज मोजून घालणे कष्टकरी घराला जड जाते. २०१६ साली सुरू झालेल्या मिशन भगीरथ योजनेतून नलगोंड्याच्या गावांना कृष्णेचे पाणी मिळू लागले, तरी वाकलेले पाय त्याने सरळ झाले नाहीत.

आपल्याकडे किनवट आणि पांढरकवड्याच्या भागातही फ्लोराईडची गावे आहेत. अशा गावांतली मुले डागाळलेले दात घेऊन वर्गात बसतात आणि आम्ही मास्तर त्यांना मंजनाचे धडे देतो. भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या जिल्हा प्रयोगशाळेत पाणी तपासून मिळते. लिटरला एक मिलिग्रॅमपर्यंत फ्लोराईड चालते, दुसरे पाणीच नसेल तर दीडपर्यंत. आपल्या बोअरचा आकडा शाळेच्या फळ्यावर लिहून ठेवायला एक खडू पुरतो.