छोट्यांचा कप

२९ मे १९८८. तुम्ही वेम्बलीच्या रस्त्यानं चालला आहात आणि समोर स्टेडियमचे ते दोन पांढरे मनोरे दिसू लागले आहेत. डाव्या हाताला सोनेरी-काळे स्कार्फ, उजव्या हाताला मरून-आकाशी. एवढी माणसं इंग्लंड खेळायला उतरतं तेव्हा जमतात, एफए कपच्या फायनलला जमतात. आज मात्र मैदानात उतरणारे दोन्ही संघ चौथ्या श्रेणीतले आहेत. वुल्व्हरहॅम्प्टन वाँडरर्स, म्हणजेच वुल्व्ह्ज, आणि बर्नली. स्पर्धेला नाव एका व्हॅनचं आहे: शेर्पा व्हॅन ट्रॉफी. इंग्लंडमधल्या खालच्या दोन श्रेणींसाठी राखलेला हा कप सुरू होऊन जेमतेम चार-पाच वर्षं झाली आहेत.

गर्दीतून वाट काढत बर्नलीच्या बाजूला जाऊन उभे राहा. तुमच्या शेजारच्या माणसाला गेल्या वर्षीचा ९ मे आठवतो आहे. त्या दिवशी बर्नली हरली असती तर लीगमधूनच बाहेर फेकली गेली असती. ऑरिएंटवर २-१ असा विजय मिळाला आणि क्लब वाचला. पलीकडच्या बाजूची गोष्टही तशीच. वुल्व्ह्जचा क्लब काही वर्षांतच दोनदा दिवाळखोरीच्या दारात जाऊन आला. ब्रॅडफर्डच्या स्टेडियममधल्या आगीनंतर सुरक्षेचे नियम कडक झाले आणि त्यांच्या मोलिन्यू मैदानातले दोन स्टँड बंद करावे लागले. १८८८ मध्ये बारा क्लबांनी मिळून फुटबॉल लीग उभी केली, त्या बारांत हे दोघेही होते. पन्नाशीच्या दशकात वुल्व्ह्ज तीनदा इंग्लंडचे विजेते झाले, १९६० मध्ये बर्नली. लीगच्या शंभराव्या वर्षी ते भेटताहेत ते तळाच्या श्रेणीत. आणि त्यांना पाहायला आले आहेत ८०,८४१ लोक.

मच आणि डेनिसन यांच्या गोलांनी वुल्व्ह्ज २-० जिंकतात. बर्नलीची माणसं लगेच निघून जात नाहीत. वर्षभरापूर्वी ज्यांना क्लबच राहील की नाही याची धास्ती होती, ते आज वेम्बलीत उभे आहेत. त्यांच्यासाठी निकाल दुय्यम आहे. या गर्दीत थोडा वेळ रेंगाळा, कारण पुढचं सगळं समजायला हे बघितलेलं असावं लागतं. हा कप मोठा झाला तो या लोकांमुळे. ज्या गावांच्या वाट्याला वेम्बली एरवी कधीच येणार नव्हती, त्यांच्यासाठी तो होता.

आता अठ्ठावीस वर्षं पुढे या. २०१६ च्या ऑगस्टची अखेर. ब्लॅकपूलहून समुद्राच्या कडेनं जाणाऱ्या ट्रामनं तुम्ही फ्लीटवूडला उतरता. मासेमारीचं जुनं बंदर. खोल समुद्रात जाणाऱ्या कोळ्यांसाठी इथल्या एका औषधवाल्यानं बनवलेल्या खोकल्याच्या गोळ्या आज जगभर विकल्या जातात. मैदानाचं नाव हायबरी, तिथं पाचेक हजार माणसं मावतात. दिवे लागले आहेत, सामना सुरू झाला आहे आणि खेळाडूंनी एकमेकांना मारलेल्या हाका तुम्हाला वरच्या रांगेत स्पष्ट ऐकू येताहेत. रिकाम्या खुर्च्यांच्या ओळीच्या ओळी आहेत. आज इथं आहेत फक्त ३९२ जण.

कप तोच आहे, नाव तेवढं बदललं आहे. आणि समोरचा संघ ब्लॅकबर्न रोव्हर्सचा खरा, पण अकादमीतल्या मुलांचा. जूनमध्ये लीगच्या क्लबांनी मतदान करून एका वर्षाचा प्रयोग मान्य केला: खालच्या दोन श्रेणींतल्या ४८ संघांसोबत पहिल्या दर्जाची अकादमी असलेल्या १६ क्लबांचे युवा संघ या कपमध्ये खेळतील. हे संघ २१ वर्षांखालचे मानले गेले, पण सुरुवातीच्या अकरा जणांत त्या वयाचे सहा असले की पुरे. आर्सेनल, लिव्हरपूल, टॉटनहॅम, मँचेस्टरचे दोन्ही क्लब यांनी नकार दिला, मग त्यांच्या जागी प्रीमियर लीगबाहेरच्या क्लबांच्या अकादम्या बोलावल्या गेल्या. ज्यांच्या नावावर गर्दी जमली असती तेच आले नाहीत आणि प्रयोग तरीही पुढे रेटला गेला.

यामागचं कारण खोटं नव्हतं, हे मी मनापासून मानतो. प्रीमियर लीगच्या पहिल्या मोसमात, १९९२-९३ मध्ये, सुरुवातीच्या अकरांत ६९ टक्के खेळाडू इंग्लिश असत. वीस वर्षांत हा आकडा ३२ टक्क्यांवर आला. १८-१९ वर्षांची गुणी मुलं मोठ्या क्लबांच्या अकादमीत अडकून पडतात. एकमेकांसारख्याच मुलांशी, रिकाम्या मैदानांवर, कसलाच धोका नसलेले सामने खेळतात. त्यांना तिशीतल्या अनुभवी बचावपटूचा खांदा लागायला हवा, प्रेक्षकांच्या शिव्या ऐकायला हव्यात. २०१४ मध्ये एफएचे अध्यक्ष ग्रेग डाइक यांच्या आयोगानं तर मोठ्या क्लबांचे ‘ब’ संघ घेऊन लीगमध्ये एक नवी श्रेणीच सुचवली होती. ती सूचना चाहत्यांनी आणि छोट्या क्लबांनी हाणून पाडली. दोन वर्षांनी तोच विचार कपच्या वाटेनं आत शिरला, असं त्यांना वाटलं. ते मला रास्त वाटतं.

पण तुम्ही फ्लीटवूडमध्ये आहात, म्हणून इथली एक गोष्ट ऐका. २०११-१२ च्या मोसमात याच मैदानावर एक सडपातळ, वेगवान स्ट्रायकर खेळत होता. शेफील्ड वेन्सडेनं त्याला सोळाव्या वर्षी घरी पाठवलं होतं. पुढे तो कारखान्यात काम करून स्थानिक लीगमध्ये खेळायचा. फ्लीटवूडसाठी त्यानं त्या मोसमात लीगमध्ये ३१ गोल केले, क्लब पहिल्यांदाच फुटबॉल लीगमध्ये गेला आणि लेस्टरनं त्याला दहा लाख पौंडांना उचललं. जेमी वार्डी. तुम्ही इथं बसला आहात त्याच्या जवळपास चार महिने आधी तो प्रीमियर लीगचा विजेता झालेला आहे. इंग्लंडला इंग्लिश खेळाडू कुठून मिळणार, या प्रश्नाचं एक जिवंत उत्तर याच गवतावर घडलं होतं. ते कुठल्या पहिल्या दर्जाच्या अकादमीनं दिलं नव्हतं.

नोव्हेंबरमध्ये ब्रॅडफर्डला जा. व्हॅली परेडचं मैदान, समोर बरी हा क्लब. सामना सुरू होऊन तीन मिनिटं झाली आहेत आणि गोलकीपर कॉलिन डॉयल चालत बाहेर येतो आहे. दुखापत नाही, काही नाही. त्याच्या जागी दुसरा गोलकीपर आत जातो. आजूबाजूचे लोक आधी गोंधळतात, मग कारण समजल्यावर हसतात. नियम असा आहे की खालच्या श्रेणीतल्या क्लबांनी सुरुवातीच्या अकरांत किमान पाच नेहमीचे खेळाडू उतरवलेच पाहिजेत. ब्रॅडफर्डनं पाच उतरवले. तीन मिनिटांपुरते.

लोक हसतात ते ठीक आहे. मला त्या नियमाचा राग येतो, आणि का येतो ते ल्यूटनला गेल्याशिवाय कळणार नाही. केनिलवर्थ रोडचं मैदान चाळीसारख्या घरांच्या रांगांत इतकं घुसलेलं आहे की एका बाजूचे प्रेक्षक चक्क घरांच्या खालून आत शिरतात. पायऱ्या चढताना कुणाचं तरी मागचं अंगण, वाळत घातलेले कपडे दिसतात. चौथ्या श्रेणीतल्या या क्लबनं या कपच्या गटसाखळीत आपल्याच अकादमीतली मुलं खेळवली. विशी न गाठलेली पोरं, तरी गट पार करून क्लब पुढे गेला. आणि डिसेंबरमध्ये ल्यूटनला १५,००० पौंडांचा दंड झाला. पोर्ट्‌समथलाही तेवढाच, आणि तो क्लब तेव्हा चाहत्यांच्याच मालकीचा होता. अशा बारा क्लबांकडून मिळून ६०,००० पौंड घेतले गेले.

स्पर्धेचा उद्देश तरुण इंग्लिश खेळाडू घडवणं. एका क्लबनं तरुण इंग्लिश खेळाडू उतरवले. त्यालाच दंड. कारण अनुभव मिळायला हवा होता तो मोठ्या क्लबांच्या मुलांना. छोट्या क्लबनं त्यांच्यासमोर पुरेशी कसलेली माणसं उभी करायची होती. ल्यूटनची मुलं यात कुठेच धरलेली नव्हती. घरच्या पोरांना बाजूला बसवून पाहुण्यांच्या मुलांना आधी वाढायचं, आणि पंगतीचा खर्चही घरानंच सोसायचा, असा हा प्रकार.

याच्या मागे आणखी जुनं दुखणं आहे. २०११ मध्ये लीगच्या क्लबांनी युवा विकासाची नवी योजना मान्य केली आणि पुढच्या वर्षी ती लागू झाली. तिच्यात लहान वयातला खेळाडू दुसऱ्या क्लबनं नेला तर द्यायची भरपाई ठरवून टाकली: ९ ते ११ वर्षांच्या मुलासाठी दर वर्षाचे ३,००० पौंड. याआधी छोटा क्लब घासाघीस करू शकत होता. आता दर छापील झाला. त्यामुळे ऑगस्टमध्ये एखाद्या युवा संघाविरुद्ध खेळताना समोरच्या जर्सीत कदाचित आपणच घडवलेला मुलगा असेल, ही कल्पना त्या चाहत्यांना किती बोचत असेल याचा विचार करा.

मुलांना मोठ्यांशी खेळवण्याला माझा विरोध नाही. त्यासाठी मी तुम्हाला माद्रिदला नेतो.

४ जून १९८०, बर्नाबेऊ. स्पेनच्या कोपा देल रेची फायनल: रेआल माद्रिद विरुद्ध कास्तिया. कास्तिया म्हणजे रेआलचाच राखीव संघ, दुसऱ्या श्रेणीत खेळणारा. त्यांनी वाटेत एर्क्युलेस, अॅथलेटिक बिल्बाओ, रेआल सोसिएदाद आणि स्पोर्टिंग खिखोन अशा पहिल्या श्रेणीतल्या चार क्लबांना बाहेर काढलं आहे. त्यातल्या सोसिएदादचं लीगचं विजेतेपद यंदा अगदी थोडक्यात हुकलं. आज समोर हुआनितो, सांतियाना, देल बोस्के. ज्यांना रोज सरावात बघतात तेच. निकाल ६-१. बर्नाबेऊत बसलेल्या माणसानं आज कुणाच्या बाजूनं ओरडायचं?

रेआल लीगचेही विजेते असल्यामुळे युरोपातल्या कप विनर्स कपमधली जागा कास्तियाला मिळाली. तिथं गाठ पडली वेस्ट हॅमशी, तेही तेव्हा दुसऱ्याच श्रेणीतले. माद्रिदमध्ये कास्तियानं ३-१ असं हरवलं, पण वेस्ट हॅमच्या काही समर्थकांच्या दंगलीमुळे परतीचा सामना बंद दारांआड झाला. १ ऑक्टोबर, अपटन पार्क, आत २६२ माणसं. जादा वेळेत वेस्ट हॅम ५-१ जिंकले.

हा प्रवास मला आवडतो. ती मुलं दुसऱ्या श्रेणीत दर आठवड्याला गुणांसाठी झगडून आली होती. वर चढायला त्यांना मर्यादा होती, खाली घसरायला नव्हती. त्यांच्यासाठी कुणी प्रतिस्पर्ध्याला दंड लावून तगडं केलं नव्हतं. तरीही स्पेननं १९९० पासून राखीव संघांना कोपातून बाहेर ठेवलं, कारण एकाच क्लबचे दोन संघ एका कपमध्ये असले की केव्हा तरी ते समोरासमोर येणार. आपल्याकडे २०१७-१८ मध्ये आय-लीगच्या दुसऱ्या श्रेणीत इंडियन सुपर लीगच्या क्लबांचे राखीव संघ घेतले गेले, तेव्हा त्यांना बढती मिळणार नाही असं आधीच लिहून ठेवलं होतं. गोव्यात गावाच्या किंवा कोल्हापुरात तालमीच्या संघासाठी घसा फोडणाऱ्याला तो नियम समजावून सांगावा लागत नाही.

पुन्हा वेम्बली. २ एप्रिल २०१७. मालकांशी उघड भांडण चाललेली, तिसऱ्या श्रेणीतून खाली घसरायला निघालेली कोव्हेंट्री सिटी ऑक्सफर्डला २-१ हरवते. ७४,४३४ लोक. म्हणजे कप मेला नव्हता. आयोजकांनी या आकड्याकडे बोट दाखवलं, पण ही गर्दी युवा संघांनी आणलेली नव्हती. ती दोन गावांची होती, १९८८ सारखीच. प्रयोग एका वर्षावर थांबला नाही; पुढच्या वर्षी फेब्रुवारीत लिंकनमध्ये उपांत्य सामना बघा. चेल्सीचे युवा खेळाडू १-१ अशी बरोबरी करून पेनल्टींपर्यंत पोचतात. प्रत्येक पेनल्टीला गोलमागचा स्टँड कानठळ्या बसवतो आणि मुलं ४-२ अशी हरतात. अकादमीच्या कुठल्याही सामन्यात न मिळणारा धडा त्यांना या संध्याकाळी मिळाला, हे मान्य करायलाच हवं. आणि लिंकन पहिल्यांदाच वेम्बलीला गेलं, जिंकलंही.

आता शेवटचा मुक्काम: जून २०१६, पोर्तुगाल. लीगच्या क्लबांची उन्हाळी बैठक, मतदानाला थोडा वेळ आहे. अध्यक्ष, मुख्य अधिकारी बसले आहेत. गटातला एक सामना जिंकला तर दहा हजार पौंड मिळणार, आणि ज्यांच्या क्लबची बँक दर महिन्याला फोन करते त्यांना ते दहा हजार फार मोठे वाटतात. त्यांना दोष देऊ नका. चाहत्यांचा प्रतिनिधी या मतदानात नाही. पण तुम्ही आहात, आणि पुढचं सगळं बघून आला आहात.

उभे राहा. सांगा की मुलं येऊ द्यात, पण पाच खेळाडूंचा नियम फाडून टाका, म्हणजे ल्यूटनला आपली पोरं खेळवता येतील. सांगा की नऊ वर्षांच्या मुलाचे ३,००० पौंड ही भरपाई नव्हे, आधी ती वाढवा, मग पाहुणे म्हणून या. सांगा की फ्लीटवूडच्या, ल्यूटनच्या, कोव्हेंट्रीच्या हंगामी तिकीटधारकांना विचारल्याशिवाय आज हात वर करू नका. एक महिना थांबलात तरी ऑगस्टच्या आधी उत्तर मिळेल.