चेहऱ्यावरचे वण आणि शंभर वर्षांची खटपट

शेतातली कामं आटोपून, चूलभांडी उरकून तुम्ही रेडिओपाशी बसला असाल. आज आम्ही मुरमांमुळे चेहऱ्यावर पडणाऱ्या खड्ड्यांबद्दल बोलणार आहोत. ते भरून काढण्यासाठी डॉक्टरांनी काय काय केलं, त्यात काय चुकलं, काय साधलं, याची ही गोष्ट आहे.

विषय निघाला आमच्या बचत गटाच्या बैठकीत. एका मैत्रिणीने लेकीच्या चेहऱ्यासाठी २० हजारांचं कर्ज मागितलं. मुलगी १९ वर्षांची. बघायला आलेल्या दोन घरांनी तोंडावरच्या खड्ड्यांवरून नकार कळवला होता. तालुक्याच्या एका पार्लरमध्ये ‘लेसर मारून चेहरा कोरा करून देतो’ असं सांगितलं होतं. कुणी म्हणालं, देऊ या. कुणी म्हणालं, असल्या हौसेला गटाचा पैसा नाही. मुलगी दारातच उभी होती. तिला कुणी काही विचारलंच नव्हतं. शेवटी एका काकूंनी विचारलं, “तुला काय वाटतं गं?” ती म्हणाली, “काकू, करायला हरकत नाही. पण आहे त्याहून बिघडलं तर?”

या प्रश्नाचं उत्तर आमच्यापैकी एकीकडेही नव्हतं. म्हणून आम्ही माहिती काढायला लागलो.

आपल्या आज्यांच्या काळी चेहऱ्यावरचे वण म्हणजे देवीचे वण. भारतात देवीचा शेवटचा रुग्ण १९७५ साली सापडला आणि १९७७ मध्ये देश देवीमुक्त जाहीर झाला. देवी गेली, पण मुरूम राहिले. मुरूम खोलवर पिकला की कातडीच्या आतला आधार झिजतो आणि वरची कातडी खाली बसते. तोच खड्डा. काळा डाग वेगळा आणि खड्डा वेगळा. डाग हा नुसता रंग असतो, बरेचदा काही महिन्यांत आपोआप फिकट होतो. खड्डा मात्र आपोआप भरत नाही.

पहिला मार्ग अ‍ॅसिडचा. जर्मनीतल्या हॅम्बर्गचे डॉक्टर उना यांनी १८८२ मध्ये निरनिराळ्या अ‍ॅसिडांचा कातडीवर काय परिणाम होतो ते लिहून ठेवलं. न्यूयॉर्कचे डॉक्टर मॅकी यांनी १९०३ पासून फिनॉल लावून मुरमांचे वण सोलायला सुरुवात केली. जुनी कातडी सोलून निघायची, खालून नवी यायची. पण फिनॉल कातडीतून रक्तात उतरतं. जास्त झालं तर हृदयाचे ठोके बिघडतात. सावळ्या कातडीवर कायमचे पांढरे चट्टे उठू शकतात. तरीही अमेरिकेत डॉक्टर नसलेले लोक ‘गुप्त नुस्खा’ म्हणून चेहरे सोलून देत आणि पैसे घेत. म्हणजे ‘चेहरा कोरा करून देतो’ म्हणणारे आजचेच नाहीत.

त्याच काळात मुरमांवर क्ष-किरणही सोडले जात. मुरूम सुकत, म्हणून सगळ्यांना बरं वाटे. पुढे कित्येक वर्षांनी त्यांतल्या काहींना कातडीचा, काहींना गळ्यातल्या थायरॉइड ग्रंथीचा कॅन्सर झाला. तेव्हा कुठे तो उपाय मागे पडला. आज गुण आला म्हणजे उद्याही सुखरूप, असं नसतं, हा धडा मोठी किंमत मोजून मिळाला.

दुसरा मार्ग घासण्याचा. १९०५ मध्ये जर्मनीचे डॉक्टर क्रोमायर यांनी दातांच्या डॉक्टरकडे असतं तसं फिरतं यंत्र वापरून कातडी घासली. १९५३ मध्ये न्यूयॉर्कच्या डॉक्टर कर्टिन यांनी कातडी फवाऱ्याने गारठवून तारेच्या फिरत्या ब्रशने घासायची रीत मांडली. खड्ड्यांच्या कडा बसल्या. पण आपल्यासारख्या सावळ्या चेहऱ्यावर नंतर काळे किंवा पांढरे पट्टे राहण्याचा धोका मोठा होता.

तिसरा मार्ग लेसरचा, आणि इथे गोष्ट आपल्या अंगणात येते. १९३८ साली बारामतीत जन्मलेले कुमार पटेल पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजात शिकले आणि पुढे अमेरिकेला गेले. तिथे बेल लॅबोरेटरीत १९६४ मध्ये त्यांनी कार्बन डायऑक्साइड लेसर तयार केला. हा प्रकाश पाणी चटकन शोषून घेतं. आपल्या कातडीत पाणी भरपूर, त्यामुळे लेसर पडला की वरचा पातळ थर वाफ होऊन उडतो. १९९० नंतर वणांसाठी त्याचा वापर वाढला. गुण चांगला यायचा, पण चेहरा महिनोन् महिने लाल राहायचा.

२००४ मध्ये अमेरिकेत मॅनस्टीन आणि अँडरसन या डॉक्टरांनी वेगळी रीत मांडली. सगळं वावर नांगरायचं नाही, टोकण करायची. म्हणजे लेसरचे बारीक बारीक ठिपके पाडायचे आणि मधली कातडी शाबूत ठेवायची. मधल्या चांगल्या कातडीमुळे जखम लवकर भरते. सावळ्या कातडीला यात धोका कमी, पण नाहीच असं नाही.

चौथा मार्ग सुईचा, आणि तो आपल्याला लगेच कळेल. गोधडीचा टाका ओढला गेला की तिथे कापड खाली बसतं. काही खड्ड्यांत तसेच आतले धागे कातडी खाली ओढून धरतात. १९९५ मध्ये न्यूयॉर्कच्या ओरेनट्राइक डॉक्टरांनी सुई आत सरकवून ते धागे तोडायची पद्धत मांडली. १९९७ मध्ये कॅनडातल्या कॅमिरांड आणि डूसे या दोघांनी एक नवल सांगितलं. पांढरे पडलेले वण झाकायला ते कातडीच्या रंगाचं गोंदण करत. वर्षा-दोन वर्षांनी तो रंग उडून गेला, तरी वण सुधारलेले दिसले. मग ध्यानात आलं की काम रंगाचं नव्हतं, सुईच्या टोचण्याचं होतं. दक्षिण आफ्रिकेचे डॉक्टर फर्नांडिस यांनी पुढे त्यासाठी सुयांचा रूळ बनवला. २००२ मध्ये कोरियाच्या डॉक्टरांनी अरुंद, खोल खड्ड्यांच्या तळाशी फक्त टोकाएवढं तीव्र अ‍ॅसिड लावायची रीत दाखवली. म्हणजे जुनंच अ‍ॅसिड, पण बेताने.

मैत्रिणींनो, या सगळ्या उपायांचं मूळ एकच आहे. बेताची नवी जखम करायची आणि शरीराला ती नव्याने भरू द्यायची. जखम भरण्याचं काम शरीरच करतं. म्हणून हात कुणाचा आहे, याला सगळं महत्त्व आहे. खड्डे तऱ्हेतऱ्हेचे, त्यामुळे एकच उपाय सगळ्यांना चालत नाही. बहुतेक वेळा काही आठवड्यांच्या अंतराने अनेकदा जावं लागतं. वण कमी होतात, पुसले जात नाहीत. आणि नवे मुरूम थांबल्याशिवाय खड्ड्यांवर पैसा घालण्यात अर्थ नाही.

आता त्या मुलीचं सांगतो. आम्ही कर्ज लगेच दिलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. दोघी जणी तिला घेऊन सरकारी रुग्णालयातल्या त्वचारोग विभागात गेल्या. डॉक्टरीणबाईंनी पहिलाच प्रश्न विचारला, “तोंडाला काय लावतेस?” तिने पिशवीतून गोरेपणाच्या क्रीमची नळी काढली. दुकानातून चिठ्ठीशिवाय आणलेली, आत स्टेरॉइड. अशा क्रीमने आधी चेहरा उजळतो, मग कातडी पातळ आणि लाल होते, आणि मुरूम आणखी वाढतात. क्रीम डॉक्टरांच्या सल्ल्याने बंद झालं, मुरमांवर औषध सुरू झालं. तिच्या चेहऱ्यावर खड्डे थोडे आणि डागच जास्त होते. त्यांना लेसरची गरजच नव्हती. उरलेल्या खड्ड्यांचं मुरूम थांबल्यावर बघू, असं ठरलं.

एक सांगून ठेवतो. मुरमांच्या काही गोळ्यांनी पोटातल्या बाळाला व्यंग येऊ शकतं. दिवस गेले असतील किंवा तसा विचार असेल, तर डॉक्टरांना आधी सांगा.

कुणी सुई, लेसर किंवा अ‍ॅसिड लावतो म्हणालं तर विचारा: तुम्ही त्वचारोगाचे डॉक्टर आहात का? माझ्यासारख्या सावळ्या चेहऱ्यावर हे किती वेळा केलंय? बिघडलं तर काय करणार? उत्तर द्यायला जो टाळाटाळ करेल, त्याच्या खुर्चीवरून उठून या.

गटाने एक ठराव मात्र केला. पुढच्या वेळी कुणाच्या लेकीसाठी कर्जाचा अर्ज आला, तर आधी लेकीला समोर बसवून तिचं ऐकायचं. बघायला येणाऱ्यांचं नंतर.

पुढच्या भागात भेटू. तोवर तोंडाला काही लावण्याआधी नळीवरचं नाव वाचा.