स्कॅम १९९२
१९९२ च्या रोखे गैरव्यवहारावरील हिंदी नाट्यमालिका. दिग्दर्शक हंसल मेहता, सहदिग्दर्शक जय मेहता. देबाशिस बसू व सुचेता दलाल यांच्या ‘द स्कॅम’ या पुस्तकावर आधारलेले तिचे दहा भाग ‘सोनी लिव्ह’वर ऑक्टोबर २०२० मध्ये आले. शेअरदलाल हर्षद मेहताची भूमिका प्रतीक गांधी यांनी, तर पत्रकार दलाल यांची श्रेया धन्वंतरी यांनी केली.

किचकट व्यवहार सामान्य प्रेक्षकाच्या गळी उतरवणे, ही मालिकेची खरी कमाई. बँका आपसांत सरकारी रोख्यांची देवघेव करताना प्रत्यक्ष रोख्यांऐवजी ‘बँक रिसीट’ देत. पुढे हातात रोखे नसतानाच अशा पावत्या फाडल्या जाऊ लागल्या आणि दलालाच्या खात्यात वळलेला बँकांचा पैसा शेअरबाजारात उतरला. एसीसी या सिमेंट कंपनीच्या शेअरचा भाव सुमारे २०० रुपयांवरून ९,००० पर्यंत चढला. २३ एप्रिल १९९२ रोजी ‘टाइम्स ऑफ इंडिया’त सुचेता दलाल यांची हा गैरव्यवहार उघड करणारी बातमी छापून आली, बाजार गडगडला. चौकशीसाठी नेमलेल्या जानकीरामन समितीने गैरव्यवहाराचा आकडा चार हजार कोटींवर नेला.

परदेशी बँकांचे हितसंबंध मालिका धीटपणे दाखवते. हर्षदविषयी मात्र तिला जरा जास्तच माया आहे. अचिंत ठक्कर यांच्या ठसकेबाज शीर्षकसंगीताने या मायेला आणखी खतपाणी मिळते.

याच विषयावर ‘गफला’ (२००६) आणि ‘द बिग बुल’ (२०२१) हे चित्रपट आहेत. मालिकेचे पुढचे पर्व, ‘स्कॅम २००३’, बेळगाव जिल्ह्यातील खानापूरच्या अब्दुल करीम तेलगीच्या मुद्रांक घोटाळ्यावर बेतले आहे.