जुन्नर-आंबेगावच्या नर्सबाई आणि बौद्धिक अक्षमता

बौद्धिक अक्षमता असलेल्यांची शुश्रूषा ही ब्रिटनमध्ये परिचर्येची स्वतंत्र शाखा आहे. भारतात तशी शाखा कधी निघाली नाही. १९९२च्या पुनर्वास परिषद कायद्याने विशेष शिक्षकांची नोंदणी सुरू केली, पण नर्स त्या यादीबाहेर राहिल्या. त्यामुळे जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांत हे काम लसीकरण, बाळंतपण आणि कुटुंबनियोजन सांभाळणाऱ्या उपकेंद्रातल्या नर्सबाईंकडेच आले, आणि तेही जाता जाता.

१९१२च्या कायद्याने मनोरुग्ण आणि जन्मतः मंदबुद्धी माणूस यांना एकाच व्याख्येत बसवले होते. १९८७च्या मानसिक आरोग्य कायद्याने त्यांची फारकत केली. ती योग्यच होती, पण मनोरुग्णालयाच्या जागी दुसरी सोय मात्र उभी राहिली नाही.

डोंगरी व आदिवासी भागात ३,००० लोकसंख्येमागे एक उपकेंद्र, असा सरकारी निकष आहे. आहुप्याच्या किंवा नाणेघाटाच्या बाजूला वाड्या विखुरलेल्या असल्याने हा आकडा कागदावर दिसतो त्याहून जड जातो. १९७५ पासून अंगणवाड्या आल्या, २००५ नंतर आशाताई आल्या, आणि मूल उशिरा बसते किंवा बोलत नाही ही खबर नर्सपर्यंत पोचण्याची वाट तयार झाली.

खरा बदल २०१३च्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाने केला. दोन आयुष डॉक्टर, एक औषधनिर्माता आणि एक नर्स असे पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा जाते. नर्स फितीने डोक्याचा घेर मोजते आणि आईला विचारते: बाळ जन्मल्यावर लगेच रडले का? मान कधी धरली? झटके येतात का? ‘बापही उशिराच बोलला होता’ हे घरचे उत्तर ऐकून घेऊनही तपासणीचा आग्रह सोडायचा नाही, यातच तिचे कसब आहे. पुढची तपासणी घोडेगाव, मंचर, नारायणगाव किंवा जुन्नरच्या सरकारी रुग्णालयात होते. विशेष उपचारांसाठी बहुतेकदा पुणे गाठावे लागते. त्यात एका दिवसाची मजुरी बुडते, म्हणून झटक्यांच्या गोळ्यांत खंड पडू नये हे पाहणे गावातल्या नर्सच्या आणि आशाताईच्या पाठपुराव्यावरच येते.

हा कार्यक्रम १८व्या वर्षी संपतो. तिशीनंतरच्या रक्तदाब-मधुमेह तपासणीत तोच माणूस पुन्हा नर्ससमोर येतो. मधल्या बारा वर्षांसाठी उपकेंद्राकडे त्याच्याकरता वेगळा कार्यक्रम नाही.